लकडगंजची बेबी

तुळसाबाईची गोष्ट सांगाची तं पहिले तिच्या हाताची सांगा लागते, अन् हाताची गोष्ट निघाली का मले अजूनही राग येते. कोणाचा येते ते मलेच धड माहीत नाही. मी सिंधू, तिच्या घराले घर लागून राहणारी. नागपूरच्या इंदोऱ्यात आमच्या दोघींची भिंत एकच होती; तिनं फोडणी घातली का ठसका मले लागे. जनमभर मी बिड्या वळल्या. आता बोटं वळत नाही, तोंड तेवढं चालते, म्हणून सांगून राहिली.

तुळसाबाई लहान लेकरायचं तेलपाणी करे. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली का सव्वा महिना रोज सकाळी हिचा फेरा. न्हाणीत पाटावर बसून पाय लांब कराचे, लेकरू पायावर उपडं घ्याचं, कोमट तेलानं पाठ, मांड्या, पोटऱ्या चोळाच्या, मंग गरम पाण्यानं आंग धुवाचं, पुसून, धुरी देऊन, गुंडाळून मायजवळ टाकाचं. सांगाले सोपं आहे, करून पाहा एकदा. तिच्या पायावर लेकरू पहिले दोन दिवस बोंबले, तिसऱ्या दिवशी तिचा आवाज ऐकला का गप होये. आमच्या गल्लीतले अर्धे लोक तिच्या हाताखालून गेलेले. माझे दोन्ही पोट्टेही. मोठ्याचे पाय वाकडे होते, तिनं चोळू चोळू सरळ केले. त्याच सरळ पायानं तो बायको घेऊन वेगळा राहाले गेला, ते सोडा.

तिची एक रीत होती. नव्या घरी पहिल्या दिवशी ती रिकाम्या हातानं जात नसे. जुन्या लुगड्याचं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं कापड घ्याचं, त्याचं झबलं हातानं शिवाचं, अन् पहिलं आंगधुणं झालं का तेच लेकराच्या आंगात घालाचं. नवं कापड टोचते म्हणे. घर गरिबाचं असो का नोकरदाराचं, पहिलं झबलं तुळसाबाईचं.

नवरा मिलमधी होता, तो लवकर गेला. एकच पोरगी, देवकी. तिले खापरखेड्याले दिली, पावरहाउसच्या कॉलनीत. जवाई तिथी हेल्पर. सासू पार्वतीबाई, करारी बाई, कॉलनीतल्या बुद्धविहाराचं झाडण्यापासून भाषणापर्यंत सारं पाहणारी. देवकीच्या लग्नाले सहा वर्षं झाले, दोनदा दिवस राहिले अन् दोनदा गेले. तुळसाबाई सकाळभर दुसऱ्यायचे लेकरं न्हाऊ घाले अन् दुपारी माझ्या ओट्यावर येऊन बसे, बोलत काही नसे. एकदाच बोलली. म्हणाली, "सिंधू, साऱ्या दुनियेचे धुतले वं. देवकीचं एक माझ्या पायावर आलं का मी सुटली."

बस, एवढंच पाहिजे होतं तिले. घर नाही, दागिना नाही. पोरीचं लेकरू पायावर पाहिजे होतं.

तो सत्त्याहत्तरचा उन्हाळा असन. तिचं काम तेव्हा कमी होत चाललं होतं. दवाखान्यातल्या नर्सा नव्या बाळंतिणींले सांगून राहिल्या होत्या का तेल जोरानं लावू नका, धुरी देऊ नका. अन् तिचे मनगटंही दुखत. अशात मे महिन्यातल्या एका सकाळी गल्लीत एक माणूस आला. गिरिधर त्याचं नाव, लकडगंजच्या मनोहररावायच्या गाडीचा डायवर. मनोहरराव म्हणजे लाकडाचा मोठा टाल, लाकूड चिरणाऱ्या दोन आरामशीनी, अन् मागं बंगला. गिरिधर म्हणाला, बाईसाहेबायनं बोलावलं आहे, बेबीच्या पायाले तेल लावाचं आहे. बेबी जिन्यावरून पडली तेव्हापासून नीट उभीच राहात नाही.

आता नागपुरात बेबी म्हणजे काय ते तुम्हाले सांगाले नको. दर दोन घरं सोडून एक बेबी. माझी नणद बेबी, ती आजी झाली तरी बेबीच. तिच्या शाळेच्या दाखल्यावरही दुसरं नाव नाही. कोणाच्या डोक्यात दुसरं काही येईन कायले? आम्ही दोघी हळहळलो. एवढ्या मोठ्या घरची पोरगी अन् उभी नाही राहात, काय कामाचा तो पैसा. तुळसाबाईनं दुपारी बसून झबलं शिवलं, जरा मोठंच शिवलं, कारण का पोरगी जिना चढण्याएवढी आहे.

दुसऱ्या दिवशी ती गेली अन् बारा वाजता परत आली. माझ्या ओट्यावर बसली, पाणी प्याली, अन् म्हणाली, ती कुत्री आहे. मले वाटलं शेठाणीले शिव्या देऊन राहिली. तं नाही. खरंच कुत्री. पांढरी, केसाळ, मुंबईहून विमानात बसवून आणलेली. शेठाणीनं, पुष्पलताबाईनं, ती मांडीवर घेतली अन् सांगितलं, ही आमची बेबी. तुळसाबाईच्या हातात झबलं तसंच. शेठाणीनं ते पाहिलं, म्हणाली किती गोड आणलंत, अन् घातलंही तिच्या आंगात. अन् बसलंही. पुढचे दोन पाय बाह्यायमधी बराबर गेले.

मी म्हटलं, बह्याड बाई, मंग उठून याचं नाही का? तं म्हणते, उठलीच होती, पण तिच्या पायाले सहज हात लावला तं आतमधी गाठ लागली. खरंच दुखून राहिलं होतं तिले. मुकं जनावर, सांगन कोणाले? मी चोळलं, तं झोपली माझ्या पायावर.

मी हसली तेव्हा. पोट धरून हसली. आता वाटते, तेव्हाच भांडाले पाहिजे होतं.

पंधरा दिवसांत कुत्री धावाले लागली, अन् शेठाणीनं हिले सोडलंच नाही. रोज तेल, रोज आंगधुणं. तुळसाबाई घरी येऊन मले तिथलं सांगे, अन् मी बिड्या वळता वळता ऐकू. बेबीले पलंग होता, सागाचा, टालावरच्या कारागिरानं आठ दिवस बसून नक्षी केलेला, त्याले गुलाबी मच्छरदाणी. बेबीच्या खोलीत वाळ्याचा कूलर, अन् शेठची म्हातारी माय मागच्या खोलीत हातपंखा हलवत पडलेली. उन्हाळ्यात भुशात गुंडाळून बर्फाची लादी ये, बेबीच्या खोलीत परातीत ठेवाले. घरात अंडं चालत नव्हतं, पण बेबीच्या खिम्यासाठी मागच्या आवारात वेगळी चूल अन् वेगळा बावर्ची. चांदीची वाटी. बदामाचं तेल, आमच्या लेकरायले जवसाचं मिळालं तरी नशीब. हिवाळ्याचे तीन स्वेटर, पावसाळ्याची बरसाती, इतवारीतलं अत्तर, नखायले रंग लावाले शनिवारी एक बाई. जोश्यानं कुंडली मांडली होती बेबीची. त्या जोश्याले काही वाटलं नसन का, मी म्हटलं. तुळसाबाई म्हणे, त्यानं राजयोग सांगतला.

ऐकून ऐकून मले वीट आला. सांगणारीलेही आला होता. पण ती जात राहिली, अन् कारणं मले माहीत होते. तिले देवकीसाठी साजूक तूप, डिंक, खारका जमवून ठेवाच्या होत्या, कारण का आज ना उद्या होईन, ही तिची आशा. अन् खरं सांगतो, त्या कूलरपुढे तिले सकाळचे दोन तास बसाले मिळे. टिनाखाली राहणाऱ्या बाईले नागपूरच्या मे महिन्यात दोन तास थंड हवा! त्याले लालूच म्हणाचं तं म्हणा. शिवाय कुत्री तिचे हात चाटे. चार घरी जिनं हात झिजवले तिचे हात कोणी असे धरले नव्हते. हे तिनं एकदा सांगतलं अन् मंग आपलीच लाजली.

मले तिनं शपथ घातली होती, गल्लीत सांगाचं नाही. अन् सांगा लागलंही नाही. कोणी विचारे, काहून वं तुळसाबाई, लकडगंजची बेबी कशी आहे? ही सांगे, बरी आहे. आता चालते का? आता धावते. दात आले का? आले. बोलते का काही? यावर मात्र ती गप बसे, अन् बाया समजत का पोरगी मुकी आहे, अन् च्‌ च्‌ करत. एकही गोष्ट खोटी सांगतली नाही तिनं. एका शब्दावर सारं वर्ष निघालं.

दिवाळीनंतर खापरखेड्याहून निरोप आला, देवकीले दिवस राहिले, चौथा महिना लागला, या वेळी डाक्टर चांगलं म्हणून राहिले. तुळसाबाईनं त्या दिवशी साऱ्या गल्लीचं तोंड गोड केलं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे तिच्याच घरी, हे ठरलेलंच होतं. तिनं पेटीतून लग्नातलं पिवळं लुगडं काढलं, जीव लावून जपलेलं, अन् ते फाडून त्याचे झबले शिवले. अन् उरलेल्या कापडाचं एक, अव माय, तिनं लकडगंजले नेलं. काहून नेलं म्हणून मी ओरडली तिच्यावर. म्हणे, शेठाणीनं मागतलं, जुनं फाटलं होतं.

मार्चात, सातव्या महिन्याच्या जेवणाले, पार्वतीबाई स्वतः देवकीले घेऊन आल्या. बाळंतपणापर्यंत सूनबाई इथंच राहीन, म्हणाल्या, तुमच्यासारखे हात कॉलनीत कोणाचे नाही. तुळसाबाईनं लकडगंजले चार दिवसांची सुट्टी सांगतली होती. घरात पुरणाचा वास, अंगणात बाया, देवकी हिरव्या पातळात भिंतीले टेकून बसलेली. पोरगी अशी दिसून राहिली होती का नजर काढावी वाटे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरिधर आला. म्हणाला, तुळसाबाई, चला, बेबीनं दोन दिवसांपासून अन्नाले तोंड लावलं नाही, बाईसाहेब गाडीत बसल्या आहे. तुळसाबाईचा चेहरा उतरला. मी मधीच म्हटलं, आज जमत नाही, घरी पाहुणे आहे. पण पार्वतीबाईच उठल्या. त्यायनं तुळसाबाईच्या पाठीवर हात ठेवला अन् म्हटलं, "अवं, लेकरू उपाशी आहे तं जाय ना. नाही तं त्याले इथंच आणाले सांग. आमच्यात दोन घास खाईन."

बाई वाईट नव्हती, हे मी यासाठी सांगून राहिली. त्या शब्दात तिची सारी माया होती. आता तिले काय माहीत.

गिरिधर गेला अन् पुष्पलताबाई स्वतःच गल्लीत शिरल्या. नाल्या चुकवत, पदर सांभाळत, कडेवर कुत्री, मागं गिरिधरच्या हातात चांदीची वाटी. कुत्रीच्या आंगात पिवळं झबलं. अंगणातल्या बायायनं तोंडं उघडले ते मिटलेच नाही. देवकी भिंतीले टेकून होती, ती सरळ बसली. तेच पिवळं कापड तिच्या पेटीत घडी करून ठेवलेलं होतं, तिच्या लेकरासाठी.

तुळसाबाईनं त्या वेळी मागं सरकाले पाहिजे होतं, ओळख दाखवाले नाही पाहिजे होती. पण कुत्रीनं तिले पाहिलं अन् शेठाणीच्या कडेवरून उडी घातली. आली अन् तिच्या पायावर चढली. तुळसाबाई खाली बसली, पाय लांब केले, अन् तिचा हात आपोआप त्या दुखऱ्या पायावर फिराले लागला. सवय झाली होती तिच्या हाताले. कुत्रीनं डोळे मिटले. शेठाणी म्हणाली, पाहा, मी म्हटलं नव्हतं का, हिला तुळसाबाईच पाहिजे.

मंग पार्वतीबाईनं विचारलं, ही बेबी?

तुळसाबाई म्हणाली, हो.

पार्वतीबाई आवाज चढवून बोलत नसत. त्या विहारात बोलत तशाच बोलल्या. "छप्पनच्या आधी आपले लोक दुसऱ्यायचे मेलेले ढोर ओढत होते. माझ्या बापानं ओढणार नाही म्हटलं, तं गाववाल्यायनं त्याचा हात मोडला. तो मोडक्या हातानं दीक्षा घ्याले आला होता. अन् तुम्ही शेठायच्या कुत्र्याले मांडीवर घेऊन न्हाऊ घालता?"

तुळसाबाईनं कुत्री खाली ठेवली. म्हणाली, मी सोडतो विहीणबाई, आत्ताच सोडतो, पुन्हा त्या घरची पायरी चढत नाही.

"सोडा," पार्वतीबाई म्हणाल्या. "पण त्या हातात माझ्या घरचं लेकरू मी देणार नाही."

आता माझं ऐका. पहिल्या गोष्टीवर मले वाटलं, खरं आहे, बाई खरं बोलून राहिली. दुसऱ्या गोष्टीवर माझ्या आंगाची लाही झाली. अमक्याचा हात लागला तं चालत नाही, हे आम्ही कोणाकून शिकलो? माझी माय विहिरीपासून दूर उभी राहे, कोणी वरून पाणी ओतन म्हणून, दोन दोन तास. तो आजार आम्ही छप्पनमधी तिथंच टाकून आलो होतो ना? हे सारं माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी बोलली नाही. वर्षभर मीही लपवलं होतं, कोणत्या तोंडानं बोलू? माझा सारा राग शेठाणीवर निघाला. ती बिचारी अजूनही वाटी पुढं करून उभी, म्हणून राहिली का दोन घास तेवढे भरवून दे. मी म्हटलं, बाई, घेऊन जा तुमची बेबी, अन् या गल्लीत पुन्हा आणू नका. ती म्हणाली, मी तुळसाबाईला घरच्यासारखंच वागवलं हो. डोळ्यात पाणी होतं तिच्या. काय घडलं ते तिले समजलंच नव्हतं, अन् मले वाटते आजही नसन समजलं.

देवकी सासूच्या मागं उठली. तुळसाबाई तिच्याकडे पाहून राहिली होती, का ही तरी म्हणन, मी इथंच राहतो. देवकीनं पिशवी भरली, पेटीतले पिवळे झबले मात्र तिथंच ठेवले. दारात म्हणाली, "माय, मले तरी सांगाचं होतं." त्याच दिवशी दुपारच्या यस्टीनं दोघी गेल्या.

मंग दोन महिने कसे गेले ते मी भिंतीतून ऐकत होती. काही आवाजच येत नव्हता. गिरिधर तीनदा आला, तिनं दार उघडलं नाही. चौथ्यांदा तो हातगाडी घेऊन आला, त्याच्यावर तो सागाचा पलंग, गुलाबी मच्छरदाणीसकट. शेठाणीनं नातवंडासाठी पाठवला होता, बेबीसाठी नवा केला म्हणे, मोठा. तिच्या मनात चांगलंच असन. तुळसाबाईनं बाहेर येऊन त्या नक्षीवरून एकदा बोट फिरवलं अन् परत न्याले सांगतलं. गल्लीतल्या बायायनंही तोंडावर काही म्हटलं नाही, पण कोणाच्या घरी बाळंतीण आली का निरोप दुसरीकडे जाये. आपल्याच बाया. मी दोघीतिघींशी भांडली. त्या म्हणत, आम्ही कुठी काय म्हटलं? अन् खरंच, म्हटलं कोणीच नव्हतं.

मेच्या शेवटी कॉलनीतला एक ओळखीचा माणूस सांगून गेला, देवकीले मुलगी झाली, दोघी बऱ्या आहे, नववा दिवस आहे. तुळसाबाईनं तुपाचा डबा, डिंक, खारका गाठोड्यात बांधल्या अन् माझ्याकडे पाहिलं. मी बिड्यायचं सूप बाजूले सारलं. एकटीले कशी जाऊ देऊ?

खापरखेड्याले तेव्हा साऱ्यावर पावरहाउसची राख. ओट्यावर राख, झाडावर राख, वाळत घातलेल्या कपड्यावर राख. क्वार्टरच्या व्हरांड्यात पार्वतीबाईनं आमच्यासाठी खाट टाकली, जयभीम घातला, चहा दिला. रीतीत कुठं कमी नाही. गाठोडं आत नेलं. मंग त्यायनं लेकरू आणलं अन् माझ्या ओंजळीत ठेवलं. माझ्या. मी तुळसाबाईकडे वळाले लागली तं पार्वतीबाईनं हळूच परत घेतलं, म्हणाल्या, आंगधुण्याची वेळ झाली. तुळसाबाईनं हात पुढं केलेच नव्हते. तिनं ते पदराखाली घेतले होते.

देवकी आत बाजेवर पडली होती, दारातून दिसून राहिली होती. तिनं मायकडे पाहिलं. मंग तिनं सासूकडे पाहिलं अन् कूस बदलली. नऊ दिवसांची बाळंतीण, तिच्यावर तरी किती रागवू मी.

न्हाणी व्हरांड्याच्या भिंतीपलीकडेच होती. शेजारच्या क्वार्टरमधली एक बाई न्हाऊ घालाले आली होती. तिचा हात नवा होता, आवाजावरूनच समजत होतं. पाणी धबाधबा पडे अन् लेकरू जीव तोडून रडे. रडता रडता मधीच आवाज बंद व्हाचा, घशात पाणी गेल्यासारखा, अन् तुळसाबाई खाटेवरून उठाची. दोनदा उठली, दोनदा बसली. तिसऱ्यांदा भिंतीजवळ गेली अन् भिंतीले तोंड लावून म्हणाली, "उपडी घे तिले. हनवटी तुह्या तळव्यावर राहू दे. पाणी डोक्यावरून नको घालू, पाठीवरून घाल, खाली."

आत पाणी थांबलं. पार्वतीबाई आतच होत्या. मले वाटलं, आता ही बाई काय म्हणते. तं पाण्याचा आवाज आला, बारीक. लेकरू हुंदके देत देत गप झालं.

"आता गुडघ्याच्या मागं," तुळसाबाई म्हणाली. "तिथी मळ राहते. दाबू नको. पाय आडवा करून पोटाकडे ने, दुसराही तसाच. पाठीले खालून वर. हं. आता गाणं म्हटल्यासारखं काही बोल तिच्याशी, चुप नको राहू."

ती बाई आतमधी खरंच काही बोलाले लागली. मंग पार्वतीबाईचा आवाज आला, जरा दबका. टाळूवर तेल किती घालाचं, म्हणून विचारलं. तुळसाबाईनं सांगतलं, बोट बुडवून तीनदा, जास्त नको, थंडाव्यापुरतं. सांगताना ती कपाळ भिंतीले टेकून उभी होती, अन् भिंतीवरची राख तिच्या कपाळाले लागली होती. मी तिकडे पाहिलं नाही.

सारं झाल्यावर पार्वतीबाई बाहेर आल्या, हात पुसत. जेवून जा म्हणाल्या. तुळसाबाई म्हणाली, नाही, यस्टी निघून जाईन, जातो आम्ही. उद्या पाणी जरा कमी गरम घ्या, पाठ लाल झाली असन. पार्वतीबाईनं मान हलवली. त्या आम्हाले फाटकापर्यंत सोडाले आल्या, अन् फाटकापाशी थांबल्या. काही तरी म्हणाचं होतं त्यायले, मले अजूनही वाटते.

यस्टीत गर्दी नव्हती. खिडकीतून गरम हवा येऊन राहिली होती. कामठी रस्ता लागला. मंग तिनं माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उलटे करून तळवे पाहिले, अन् विचारलं, "सिंधू, जड होती का वं?"

मी म्हटलं, होती, चांगली जड होती.